पावतीच्या रकान्यातली रेघ

साहेबांनी माझी पदवी ट्यूबलाइटकडं धरली. नोट खरी का खोटी बघताना धरतात तशी. एक डोळा बारीक केला, कागद इकडून तिकडून फिरवला. वरच्या प्लॅस्टिकवर उजेड चमकला.

"लॅमिनेशन करून आणलंय," ते शेजारच्या मॅडमना म्हणाले. "म्हणजे शिक्क्यावर बोट फिरवून बघायची सोय नाही. हुशार आहेत हो पोरं. प्रिंट मात्र झकास काढलीय."

मॅडम हसल्या. माझ्या मागं नंबर लावून बसलेली मुलंमुली हसली. काहींना साहेब काय बोलले ते ऐकूही आलं नसेल. साहेब हसले म्हणून हसली.

लॅमिनेशन आबांनी केलं होतं. मी पदवी घरी आणली त्याच आठवड्यात, जळकोटला जाऊन. आबा गवंडी आहेत. हाताला कायम सिमेंट. म्हणून कागदाला बोट न लावता वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून नेली होती. दुकानदाराला म्हणाले, "जाड बसीव. पाणी पडलं तरी काय व्हायला नाही पायजे." आमच्या वस्तीत ज्याच्या घरी पदवी आहे त्याच्या घरी ती अशीच आहे, प्लॅस्टिकात. ज्यांच्या घरात आज्यापणज्यापासून पदव्या आहेत ते लॅमिनेशन करत नाहीत. फाइलीत ठेवतात. पडताळणीच्या वेळी लॅमिनेशन चालत नाही हे त्यांना माहीत असतं. मला त्या हॉलमध्ये कळलं.

लातूरचा हॉल होता. कागदपत्र पडताळणीचा दिवस. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी निवड झाली होती. लेखी परीक्षा पास होऊन. ज्या गावात माझ्या आजीला विहिरीच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, तसल्या गावांचं पाणी पिण्यासारखं आहे का नाही, ते मी सांगणार होते. आबा हे वाक्य भेटेल त्याला म्हणून दाखवत होते.

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझा परीक्षेचा बैठक क्रमांक टाकलेला. खाली लाल अक्षरं. नोंद आढळली नाही.

"हे काय आहे?"

"सर, डिग्री खरी आहे माझी. नांदेडला शिकलेय मी. रेग्युलर."

"सगळेच रेग्युलर असतात." त्यांनी माझ्या जातीच्या दाखल्यावर बोट आपटलं. "सवलत पण घ्यायची आणि वर हे धंदे पण करायचे. कुणाकडून आणली गं?"

गं म्हणाले. माझ्या आधीच्या मुलीला 'मॅडम, बसा' म्हणाले होते. मी उभीच होते. मला पुष्कळ बोलायचं होतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी ॲसिडनं जळालेला ओढणीचा काठ आठवला, वायव्हा घेणारे सर आठवले. तोंडातून एवढंच निघालं, "सर, मी होस्टेलला होते."

परत हसले सगळे.

"महिनाअखेरपर्यंत विद्यापीठाचं पत्र आण. नाही आणलं तर खालच्या नंबरला बोलावतो. आणि मग ही कुठून आली त्याची चौकशी लावायची का, ते पण बघतो. नेक्स्ट."

पदवी त्यांनी टेबलावर सरकवली. प्लॅस्टिक गुळगुळीत. घसरून खाली पडली. मी वाकून उचलली. भर हॉलमध्ये वाकून स्वतःची पदवी उचलली, ते वाकणं अजून पाठीत आहे.

बाहेर आले तर आबांचा फोन.

"झालं का गं माय?"

"हाव आबा. एक कागद राहिलाय. नांदेडहून आणावा लागतोय."

"आणू की मंग. त्यात काय."

त्यात काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. बसस्टँडवर गाडी लागेपर्यंत पिशवी पोटाशी धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठल्या गावच्या? मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, हिनंही माझं गाव कुठंतरी टाकून बघितलं आणि आढळलं नाही म्हणाली तर?

*

विद्यापीठात परीक्षा विभागाबाहेर एक लांब बाकडं आहे. खिडकीवरचा माणूस बैठक क्रमांक घेतो, टाकतो, मान हलवतो. "सिस्टीममध्ये नाही. बसा." बसायचं. साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला. साहेब दौऱ्यावर. उद्या या.

नांदेडला मी गावाकडच्या एका मैत्रिणीकडं उतरले होते. पहिल्या दिवशी तिनं जेवायला वाढलं. मग तिचा नवरा विचारायला लागला, अजून किती दिवस काम आहे? मी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायला लागले. तिथं कुणी नोंद विचारत नाही. रांगेत बसायचं, हात पुढं करायचे. कॉलेजातल्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. ज्या शहरात मी शिकले त्या शहरात माझ्या शिक्षणाला साक्षीदार उरला नव्हता. कॉलेजचे प्राचार्य रिटायर होऊन गेले. नवे म्हणाले, "आमच्याकडं काही नाही. सगळं विद्यापीठाकडं. आता सगळं ऑनलाइन आहे."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बाकड्यावर माझ्या शेजारी एक माणूस येऊन बसला. अंगात रेल्वेचं नारिंगी जाकीट, बुटांना खडीची धूळ.

"ताई, तुमचं बी 'आढळली नाही' का?"

"हाव."

"मंग आपण दोघं बी भुतं हाव म्हणा की."

त्याचं नाव बालाजी. मुदखेडला ट्रॅकमन. डिपार्टमेंटच्या परीक्षेला बसायचं होतं, त्याला पदवीची पडताळणी लागत होती. "मी रोज रुळावरून चालून राहिलो," तो म्हणाला. "गाडीवाला लांबून हॉर्न मारून राहिला. त्याला दिसतो मी. ह्यांनाच कसा दिसंना कळंना झालंय."

लातूरच्या हॉलनंतर मी पहिल्यांदा हसले.

त्यानं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यासमोर धरली. मी घेतली. नंतर रोज तो यायचा, ड्युटी सांभाळून. बाकड्यावर माणसं वाढत होती. देगलूरकडची एक बाई, कडेवर लेकरू. किनवटचा एक मास्तर. सगळ्यांचं तेच, नोंद आढळली नाही. वर्षं निराळी, कॉलेजं निराळी, विषय निराळे. मास्तर म्हणाले, असेल काहीतरी व्हायरस.

बालाजी भाकरी चावता चावता थांबला. माझ्याकडं बघितलं.

"ताई, तुमी फी भरली होती का?"

"नाही. फ्रीशिप होती."

तो बाकड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. मग उठला, घसा खाकरला आणि शाळेतल्या गुरुजींच्या आवाजात ओरडला, "फ्रीशिपवाले, हात वर करा रे!"

थट्टाच केली त्यानं. पण हात वर झाले. सगळ्यांचे. लेकरू घेतलेल्या बाईनंही एक हात वर केला. कुणी हसलं नाही.

मला माझी शाळा आठवली. गुरुजी हजेरी झाली की म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा. कोण कोण आहे ते रोज माहीत असायचं, तरी बघायचा. मी तिसरीत असताना एकदा उभी राहिले नाही. गुरुजी म्हणाले, "तुला नको का पैसे? का बामणाची झाली?" उभी राहिले.

कॉलेजात उभं करत नव्हते. तिथं मागं थांबवत होते. परीक्षेचे अर्ज घ्यायच्या खिडकीवर क्लार्क म्हणायचा, "फ्रीशिपवाले मागं थांबा. आधी फीवाल्यांचं होऊ द्या." संध्याकाळ व्हायची. मग आमचे अर्ज घ्यायचा. अर्जावर एक रकाना होता, पावती क्रमांक. आमची फी समाजकल्याणकडून परस्पर यायची, तीही उशिरा, म्हणून आमच्याकडं पावती नसायची. क्लार्क त्या रकान्यात पट्टी लावून एक आडवी रेघ मारायचा. दर वर्षी, दर अर्जावर. आमचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात बांधायचा.

खरं सांगते, मला ती रेघ तेव्हा आवडायची. रेघ म्हणजे झालं, आता कुणी काही मागणार नाही. रेघ बघून मी होस्टेलवर जाऊन सुखानं झोपायचे.

*

शेवटी साहेब भेटले. परीक्षा विभागाचे मोठे अधिकारी. एसीची केबिन, भिंतीवर 'पेपरलेस कारभारा'बद्दल मिळालेलं सन्मानपत्र. काचेच्या फ्रेममध्ये. त्यालाही लॅमिनेशन नव्हतं.

"सर, बाहेर बसलेत ते सगळे फ्रीशिपचे आहेत."

"असतील. त्याचं काय?"

"नोंदी फक्त आमच्याच कशा गेल्या?"

ते चिडले नाहीत. मला तेच जास्त लागलं. लहान लेकराला सांगावं तसं समजावून सांगायला लागले. "हे बघा. जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये आणला. आणताना नियम लावावे लागतात. ज्या अर्जाला पावती क्रमांक नाही तो अर्ज अपूर्ण. अपूर्ण नोंदी घ्यायच्या नाहीत. नाहीतर नव्या सिस्टीममध्ये पण घाण येते. डेटाची साफसफाई म्हणतात त्याला. सगळीकडं करतात. कुणी मुद्दाम नाही केलं."

"आमचे कागद?"

"स्कॅन करून नष्ट केले. रीतसर ठराव करून."

"मग ते स्कॅन?"

"जुन्या सर्व्हरवर. तो बंद आहे. ज्या कंपनीचा होता तिचा करार संपला. आता निर्लेखनात चाललाय."

निर्लेखन म्हणजे सरकारी दप्तरातून काढून टाकणं. नंतर भंगारवाला येतो.

साफसफाई. ते बोलत होते आणि मी त्या शब्दापाशीच अडकले होते. माझी आई गावच्या शाळेत झाडू मारते. मी लहान असताना तिच्यामागं जायचे. वर्ग झाडून झाला की आई सगळा केर दाराशी गोळा करायची, आणि उचलायच्या आधी खाली बसून बोटांनी चाळायची. पेन्सिलीचा तुकडा निघायचा, खोडरबर निघायचं, एखाद्या पोरीचं डूल निघायचं. डूल बाईंच्या टेबलावर ठेवायची. पेन्सिलीचे तुकडे घरी आणायची. त्या तुकड्यांनी मी अक्षरं गिरवली. केर टाकायच्या आधी बघायचा असतो, हे माझ्या अंगठाबहाद्दर आईला ठाऊक आहे.

ह्यांनी माणसं झाडून काढली. आणि खाली बसून बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. हमीपत्र. "ही सोय आम्ही तुमच्यासाठीच काढलीय. सही करा. गुणपत्रिकेवरून नव्यानं नोंद घेतो. दोन-चार दिवसांत नाव दिसेल. पत्र पण देतो."

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की परीक्षेचा अर्ज भरताना पावती क्रमांक नमूद करण्याचे माझ्याकडून राहून गेले. सबब विशेष बाब म्हणून माझी नोंद नव्याने घेण्यात यावी. जुन्या नोंदीबाबत यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.

"सर, यात माझी चूक लिहिलीय."

"अहो, भाषा आहे ती. ऑफिसची. कोण वाचतंय?"

"आणि ही विशेष बाब?"

"नावासमोर तेवढा शेरा राहील. नव्या तारखेची नोंद आहे ना, म्हणून."

मी विचार करून सांगते म्हणाले. "करा विचार," ते म्हणाले, "पण तुमच्या भल्याचं सांगतोय. महिना संपत आलाय."

बाहेर आल्यावर शिपायाला विचारलं, जुन्या सर्व्हरचं मशीन कुठं आहे? त्यानं हनुवटीनं दाखवलं. जिन्याखाली. तुटक्या खुर्च्या, दीक्षान्त समारंभाचे गुंडाळलेले बॅनर, आणि त्यांच्यामागं कपाटासारखं एक काळं मशीन. धूळ बसलेली. वर कागद चिकटवलेला, 'निर्लेखनाकरिता'. मी वाकून आत गेले. हात लावला. गार लोखंड.

ह्यात मी होते. बीएस्सीची तीन वर्षं, रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. बालाजी होता. ती लेकुरवाळी बाई होती. बाहेर उजेडात आमच्यातलं कुणी नव्हतं आणि इथं अंधारात सगळे होतो, शेजारी शेजारी, कुणी कुणाला हाक मारू शकत नव्हतो. मी किती वेळ बसले माहीत नाही. शिपाई म्हणाला, "ताई, उठा. साप-किरडू असतंय तिथं."

*

हमीपत्र घेऊन गावी गेले. वस्तीच्या तोंडाशीच म्हातारी कोतारी बसलेली. "सायबीण कवा व्हायली गं?" मी हसल्यासारखं केलं.

आबांना सगळं सांगितलं. लातूरचा हॉलही सांगितला. ते ऐकत होते. पदवी जमिनीवर पडली ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. मग विचारलं, "सही केली की नोकरी मिळती?"

"हाव."

"मंग कर की बाई."

"आबा, त्यात मी चुकले म्हणून लिहिलंय. मी नाही चुकले. रेघ त्यांच्याच माणसानं मारली होती."

"मारू दे. आपलं काय जातंय? म्या लई भिंती बांधल्या. एकीवर बी माजं नाव न्हाई. म्हणून काय भिंती पडल्या का?"

"भिंत दिसते आबा. माझं काय दिसतंय?"

आबांचा आवाज चढला. "तुला भांडायला शाळा शिकवली का? आमी खाली मान घालून दिस काढले ते काय हौस होती? एकदा आत जा. आत गेल्यावर भांड."

माझ्या बापाला हे वाक्य बोलताना किती दुखलं असेल ते मला कळत होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बोलले. फोटोकडं बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

आई चुलीपाशी होती. तिला म्हणाले, "तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. थोड्या वेळानं भाकरी उलथताना आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "केर एकदा उकिरड्यावर गेला की मग काय घावत न्हाई."

रात्रभर मला तेच ऐकू येत राहिलं. आई शाळेच्या केराबद्दल बोलली. मला जिन्याखालचं मशीन दिसलं. हमीपत्रातलं शेवटचं वाक्य तेव्हा उलगडलं. कोणतीही मागणी राहणार नाही. बाकड्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या की मशीन ठेवायला कारण उरत नाही. आणि जे अजून बाकड्यापर्यंत आलेच नाहीत त्यांचं काय? ज्यांना अजून कळलंच नाही की ते पुसले गेलेत? कुणी ऊसतोडीला असेल, कुणी पुण्याला गोडाऊनवर, कुणी लग्न होऊन कर्नाटकात. कधीतरी एक दिवस कुणीतरी त्यांची पदवी ट्यूबलाइटकडं धरेल. तेव्हा ते कुठं जातील?

सकाळी निघाले. आबा मला पोचवायला आले नाहीत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

*

विद्यापीठात पोचले तर बाकड्यावर फक्त बालाजी. मला बघून उठला.

"दिसलं ताई. नाव दिसलं."

मोबाइल पुढं केला. त्याचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली बारीक अक्षरात 'विशेष बाब'.

"सगळ्यांनीच करून टाकली," तो म्हणाला. डोळे बुटांकडं. "मास्तरनं, त्या बाईनं. तुमी बी करून टाका. एकल्यानं काय होतंय?"

त्याची परीक्षा जवळ आली होती. घरी दोन लेकरं. रुळावर चालून गुडघे गेले होते. त्याला मी काय म्हणणार? पण त्यानं डबा काढला आणि भाकरी पुढं केली तेव्हा मला ती घेता आली नाही. त्यालाही कळलं. झाकण लावलं, जाकीट झटकलं, "येतो ताई" म्हणून गेला.

अख्खं बाकडं रिकामं. मी मधोमध बसले.

साहेबांनी या वेळी लगेच आत घेतलं. "तुम्ही एकट्याच राहिल्यात," असं म्हणून पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिला. मला खुर्ची दिली. मॅडम म्हणाले. इतके दिवस ज्याच्यासाठी तडफडत होते ते सगळं त्या एका सहीबरोबर मिळत होतं. मी पेन धरला. सहीच्या जागेपर्यंत नेला.

मग तिसरीतली मी आठवले. उभी राहा म्हटलं, नाही राहिले. परत म्हटलं, राहिले. एवढंच. एकदाच नाही म्हटलं होतं आयुष्यात, आणि तेही टिकलं नव्हतं.

मी पेन टेबलावर ठेवला. टोपण लावून.

"मी सही करणार नाही सर."

"का?"

"मी चुकलेले नाही."

"म्हणून हातची नोकरी घालवणार?"

"घालवतेय."

ते पहिल्यांदा चिडले. "अहो, एका बाईसाठी आम्ही ते भंगार सांभाळत बसायचं का?"

"त्यात मी एकटी नाही," मी म्हणाले. "सही करून गेलेत ते पण त्यातच आहेत. अजून आले नाहीत ते पण आहेत. मशीन दुरुस्त करा, चालू करा, नोंदी बाहेर काढा. होत्या तशा काढा. तोवर विकायचं नाही."

"हे तुम्ही मला सांगणार?"

"तोंडी नाही. लिहून आणलंय."

माझा हरकतीचा अर्ज आवक खिडकीवर घेईनात. साहेबांना विचारावं लागेल. उद्या या. मी हलले नाही. मागं माणसं यायला लागली, ओरडायला लागली. खिडकीतला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. बाकीच्यांचं होऊ द्या." मी म्हणाले, "आधी माझं." ते शब्द माझ्याच कानाला परके लागले. मी ते जन्मात कधी म्हटले नव्हते. त्यानं शिक्का उचलला, मारला, पोच माझ्याकडं फेकली. खाली पडली. या वेळी मी वाकले नाही. "उचलून द्या," म्हणाले. तो माझ्याकडं बघत राहिला. मग बाहेर येऊन उचलून दिली.

*

नोकरी गेली. महिना संपला, खालच्या नंबरला बोलावलं. कोण आहे ती मला माहीत नाही. चांगली असेल. चौकशीची नोटीस मला आली, तिलाही लिहून उत्तर दिलं.

आता नांदेडलाच असते. एका खासगी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते. चिठ्ठी निघालेली बाटली कधी कधी येते. आम्ही ती टाकून देत नाही. आधी माणूस शोधतो. खोली छोटी आहे. बोलायला कुणी नाही. आबा फोनवर येत नाहीत, आई येते, आणि "जेवलीस का?" एवढंच विचारते. मागं आबांचा श्वास ऐकू येतो.

माझ्या हरकतीवर निर्णय झालेला नाही. म्हणून मशीन अजून जिन्याखाली आहे. दर सोमवारी कामावर जायच्या आधी जाऊन बघून येते. आता शिपाई मला हटकत नाही. मागच्या खेपेला त्यानंच वरचे बॅनर बाजूला केले होते. बाकड्यावर एक मुलगी बसली होती, हातात प्लॅस्टिकातली पदवी. मी तिच्याशेजारी बसले, विचारलं, "हमीपत्र दिलं का तुला?" हाव म्हणाली. "सही केली?" अजून न्हाई म्हणाली. पुढं तिनं काय केलं ते मला माहीत नाही. मी तिला करू नको म्हणाले नाही. मी का केली नाही ते सांगितलं, आणि निघाले.

कुणी म्हणतं कोर्टात जा. जाईन. कुणी म्हणतं थकशील. थकेन. पण ते मशीन माझ्या डोळ्यांदेखत भंगाराच्या गाडीत चढणार नाही. चढवायचं असेल तर आधी मला तिथून उचलावं लागेल, आणि मी हलकी नाही.

मला विशेष बाब व्हायचं नाही. नवी तारीख नको, दया नको, सोय नको. माझ्या वर्षात, माझ्या वर्गात, ज्या ओळीत बाकीच्यांची नावं आहेत त्याच ओळीत, माझ्या बैठक क्रमांकासमोर मला माझं नाव पाहिजे. पावतीच्या रकान्यात रेघ आहे ना? असू द्या.

रेघेसकट पाहिजे.